एका डोळ्याचे काजळ

शके १७८५, कार्तिक वद्य पंचमी

आज माझे पुस्तक चुलीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते माझ्या मांडीवरून उचलले आणि म्हणाल्या, "हेच डोये खाऊन राह्यलं तुये." मी उठले नाही आणि रडले नाही. हे माझे धैर्य नव्हे. रडायला डोळ्यांत पाणीच उरलेले नाही.

मामंजी ओसरीवर कापसाच्या दलालाशी बोलत बसले होते. त्यांनी तिथूनच हाक दिली, "अवं, छापील पुस्तक हाये, फुकट नसंन आलं. संक्रांतीलोक थांब. तवरोक पोरीचे डोये निवले तं राहू दे, नाही निवले तं टाक चुलीत." मामंजी प्रत्येक गोष्टीचा सौदा करतात. हाही सौदा ठरला. मला कोणी विचारले नाही.

डोळ्यांचे असे आहे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. दुपारी आत वाळू घातल्यासारखे खुपते. दिवेलागणीला इतकी आग होते की पाटावर वाढलेले दिसत नाही. हे सगळे खरे आहे. मात्र ते वाचनाने झाले, हे मला खरे वाटत नाही. माझ्या सोयीचे आहे म्हणून तसे वाटत नाही की काय, याची भीती वाटते.

आमच्या माहेरी बार्शीटाकळीला माझ्याआधी कोणत्याही बाईने अक्षर गिरवले नव्हते. चंद्रभानदादाने मला गोठ्यात बसवून धुळीच्या पाटीवर शिकवले. आई दाराशी तांदूळ निवडत पहारा करायची. दादा आता अकोल्याच्या कचेरीत काम शिकणारा उमेदवार आहे. लग्नात त्याने मला हे गोष्टींचे पुस्तक, बोरू आणि कागद दिले. पुस्तक गेले तर बोरू जाईल, बोरू गेला तर हे लिहिणे जाईल. मग मी या घरात नुसती कापसाचा रेचा ओढणारी धाकटी सून.

कार्तिक वद्य अष्टमी

दूर कुठे तरी लढाई चालू आहे आणि तिच्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा आहे, असे हे सांगतात. (यांचे नाव मी कागदावरही लिहीत नाही. बाकीचे गोवर्धन म्हणतात, तर एवढे एकदाच लिहिले.) कापूस तसाच विकण्यापेक्षा सरकी काढून रुई विकली तर जास्त मिळते, म्हणून मामंजींनी पडवीत चार रेचे मांडले आहेत. रेच्याच्या दोन लाटांमध्ये, म्हणजे फिरत्या गोल दांड्यांमध्ये, कापूस धरायचा आणि मूठ फिरवायची. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. बोट आत जाऊ नये म्हणून नजर हलवायची नाही. पहाटेपासून आम्ही सगळ्या अशाच बसतो. पडवीत रुईचे बारीक तंतू इतके उडतात की संध्याकाळी आमच्या भुवया पांढऱ्या होतात.

आज मी आत्याबाईंना म्हटले, "जाऊबाईंचे डोळेही लाल आहेत. त्यांनी कोणते पुस्तक वाचले?"

उत्तर जाऊबाईंनीच, माणिकबाईंनी, दिले. "मी तुयाच बाजूले बसतो ना. तुयं लागलं मले."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण हसले की डोळे मिटतात आणि मिटले की खुपतात.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

हे अकोल्याच्या वाटेने गाड्या घेऊन गेले होते, आज आले. येताना मूर्तिजापुरात कोणी सांगितले म्हणून तुरटी घेऊन आले. तिचे पाणी डोळ्यांत घातले. घातल्याबरोबर वाटले की डोळे पिळून वाळत घातले आहेत. हे शेजारी बसून विचारत होते, "बरं वाटून राह्यलं काय?" इतक्या आशेने विचारत होते की मी हो म्हणाले. नंतर मन खाऊ लागले, म्हणून पुन्हा उठून सांगितले की नाही, फार आग होते आहे. ते म्हणाले, "मंग आंगण धुवाले घेतो ते पाणी." तुरटी पडवीत ठेवून दिली आहे.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

आज एक विचार आला आणि तो येऊ नये असे वाटते, तरी लिहिते.

माझ्या डोळ्यांची सर्वांत जास्त आग दिवेलागणीला होते. त्या वेळी मी वाचत नसते. रेच्यावरूनही उठलेली असते. त्या वेळी आम्ही तोंड धुऊन, वेणी घालून काजळ घालतो.

या घरचे काजळ गावात प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या अमावास्येला आत्याबाई स्वतः उपाशी राहून ते धरतात. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताट उपडे ठेवतात, काजळी खरवडतात, गाईच्या तुपात मळतात आणि त्यात कापूर घोटतात. घरातल्या सगळ्या बायकांनी ते रोज घालायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याबाई त्याच्याच डब्या वाण म्हणून देतात. "डोये थंड राह्यतात," असे सगळ्या म्हणतात. पहिल्या क्षणी ते थंड लागते हे खरेच.

कापूर ताटलीत उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी ताटली कोरडी ठाक असते. तो स्वतः उडतो. उडताना डोळ्यातले पाणीही घेऊन जात असेल काय?

सासूच्या हाताच्या काजळावर संशय घेणे पाप आहे की नाही, हे विचारायला कोणी नाही. दादा असता तर म्हणाला असता, आधी पाहा.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

सरकी पाखडताना जाऊबाईंना विचारले, की तुमच्या लग्नापासून काजळ असेच आहे काय. त्या म्हणाल्या, "नाही वं. आंधी नुस्तं तूप अन् काजळी. कापूर तं मंग आला. सत्यभामाबाई गेल्या ना, त्या दिवाळीपासून."

सत्यभामाबाई माझ्या नणंदबाई. त्यांना मी पाहिले नाही. अमरावतीला दिल्या होत्या, तिथेच पहिल्या बाळंतपणात गेल्या. मुलगा वाचला, तो तिकडेच आजीपाशी आहे. आत्याबाई त्यांचे नाव घेत नाहीत. अमरावती इथून गाडीने अर्ध्या दिवसाची वाट, पण नातवाला पाहायला त्या कधी गेल्या नाहीत. पार्वताबाई म्हणून एक रोजाने रेच्यावर येते, ती एकदा हळूच म्हणाली होती, की मातीच्या दिवशी दुर्गाबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, डोळ्यांतून टिपूस निघाले नाही आणि अमरावतीच्या बाया त्यावरून फार बोलल्या.

कापूर त्या वर्षीच का आला असेल? तेव्हा डोळ्यांची साथ आली असेल कदाचित. विचारले पाहिजे.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

ठरवले. काजळ एकाच डोळ्यात घालीन.

दोन्ही डोळे तेच पुस्तक वाचतात. दोन्ही त्याच रेच्यापाशी बसतात, त्याच चुलीचा धूर खातात. फरक फक्त काजळाचा राहील. डाव्यात घालीन, कारण बाईचा डावा डोळा शुभ मानतात. तो भरलेला राहिला तर कोणी अपशकुन म्हणणार नाही, अशी माझी समजूत.

ती समजूत चुकीची होती. संध्याकाळी आत्याबाईंनी पाहिले आणि हातातला दिवा खाली ठेवला.

"हे काय सोंग हाय वं?"

मी सरळ सांगितले. मला फिरवून सांगता येत नाही. पुस्तकाने डोळे जातात की काजळाने, ते पाहते आहे.

"मायं काजय पारखून राह्यली? तू? कालची पोट्टी?"

"पुस्तक जाळायचं तर आधी पारखू द्या," मी म्हटले. वाक्य पुरे होईपर्यंत मान खाली घातली नाही.

मामंजींनी ओसरीवरून विचारले, काय झाले. आत्याबाई म्हणाल्या, "काही नाही. तुमच्या सुनेले अर्धं सौभाग्य पुरते."

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

गावात माझे नाव 'अर्धी' पडले आहे. विहिरीवर एकीने विचारले, "अर्धे, घागर भरून नेतं का अर्धीच?" मी भरून नेली.

यांनी माझे तोंड दिव्याजवळ धरून पाहिले आणि म्हणाले, "एका बाजूले रात्र अन् एका बाजूले दिवस. मी कोणत्या बाजूले बसू?" नंतर गंभीर होऊन म्हणाले, की आईचे मन मोडू नको. मी विचारले, आणि माझे पुस्तक? दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा रेचा उचलून भिंतीच्या आडोशाला ठेवला. तिथे वारा लागत नाही आणि दुसऱ्यांची रुई तोंडावर येत नाही.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

जे करते ते दोन्ही डोळ्यांना सारखे करते, नाही तर पारख खोटी ठरेल.

सकाळी हात धुऊन, उकळून कोमट केलेल्या पाण्यात जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा बुडवते. पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवते. थंड झाला की पुन्हा. मग त्याच कापडाने पापण्यांच्या कडा आतून बाहेर हलके पुसते. डोळ्याच्या आत काही घालत नाही, तुरटीने शहाणी झाले आहे. रेच्यावर कापसाची नवी मूठ घेताना हात थांबतोच, तेव्हा डोळे मिटून उघडते. आधी लक्षात आले नव्हते की बोटे वाचवायच्या भीतीने आम्ही पापणीच लववत नाही. वाचताना पानाच्या शेवटी मान वर करून दूर बाभळीकडे पाहते. डोळे चोळत नाही. हे सर्वांत अवघड.

जाऊबाई रोज हसतात. आज मात्र म्हणाल्या, "ते कापड मले दे बरं. नुस्तं पायतो."

दोघी भिंतीला टेकून, तोंडावर कापड घेऊन बसलो होतो. मामंजी आले, पाहिले आणि निमूट परत गेले.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी

मन अस्वस्थ आहे. मला उजवा डोळा बरा वाटतो. पण मला तो बरा वाटायला हवाच आहे, मग माझ्या वाटण्याला काय अर्थ? जाऊबाई माझ्या बाजूच्या झाल्या आहेत, त्यांचेही धरता येत नाही. मी एकाच डोळ्यात काजळ घालते हे पार्वताबाईला ठाऊक असेल, पण कोणत्या ते तिच्या लक्षात राहत नसेल. तिला विचारीन. आधी काजळ तूप लावून पुसून टाकीन, मग विचारीन.

मार्गशीर्ष वद्य नवमी

अमरावतीच्या विहीणबाई, मैनाबाई, आज अचानक आल्या. सत्यभामाबाईंच्या सासूबाई. सरकीचा भाव करायला त्यांचे मालक इकडे आले, त्याही गाडीत बसून आल्या. नातवाला आणले नव्हते.

निरोप आधी गाडीवानाने आणला तेव्हा मी आतल्या खोलीत होते. भर दुपार होती. आत्याबाईंनी घाईघाईने काजळाची डबी काढली आणि दोन्ही डोळ्यांत भरभरून घातले, सणालासुद्धा घालत नाहीत इतके. दुपारी काजळ घालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मैनाबाईंनी हात धरले आणि म्हणाल्या, "आता मेली लेक थोडीच येईन परत, विहीणबाई. पण मायचं काळीज हाय." मग आमच्याकडे वळून, "त्या दिशी कोरड्या होत्या ना, तवा आमी बायाबाया बोललो काही बाई. आता पायलं की वाटते, रडणं मांगून आलं."

आत्याबाई पदराने डोळे टिपत होत्या. 

"पोरगा?" एवढेच विचारले.

"हाय मजेत. आजीले माया असंन तं येईन पाह्यले," मैनाबाई म्हणाल्या.

मला एकच दिसले. इतकी वर्षे सवय असूनही कापूर आत्याबाईंनासुद्धा झोंबतो. माझ्या म्हणण्याला हा मोठाच आधार आहे. तरी त्या तो का घालतात? मोठ्या माणसांची सवय जात नाही, दुसरे काय. गाडी गेल्यावर त्या विहिरीवर जाऊन बराच वेळ डोळे धूत होत्या.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

पार्वताबाईला विचारले. दोन्ही डोळे पुसून, उन्हात उभी राहून. "यातला लाल कोणता?"

तिने हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे फिरवले. "गाय घेऊन राह्यली का मी? दात पाहू काय?"

"डोळेच पाहा."

"डावा. डावा पिकल्या मिरचीवानी. उजवा बरा हाये."

नंतर तिला काजळाचे सांगितले तर म्हणाली, "मले नको सांगू बाई. दुर्गाबाईचं वाण मी दरसाल घेतो."

 पुस्तक वाचले. म्हणजे चुलीपासून वाचले, आणि मी ते उघडून वाचलेही. आज दोन गोष्टी वाचल्या, आणि उजव्या डोळ्याला काही झाले नाही.

पौष शुद्ध तृतीया, मकरसंक्रांत

आजचे सगळे नीट लिहिले पाहिजे, माझ्या बाजूचे आणि विरुद्धचे.

संध्याकाळी हळदीकुंकू झाले. माजघर भरले होते. मैनाबाईही अमरावतीहून आल्या होत्या, बरोबर त्यांच्या दोन जावा. तिळाचे लाडू, बोरे, ऊस दिला. वाणाच्या डब्या परातीत मांडल्या होत्या. जाऊबाई हळदीकुंकू लावत होत्या, मी अत्तर.

आत्याबाईंनी सर्वांदेखत मला पुढे बोलावले. "आज संक्रांत हाये. आज तरी पुरी हो," असे म्हणाल्या आणि करंगळीवर काजळ घेऊन माझ्या उजव्या डोळ्याकडे हात आणला.

मी त्यांचे मनगट धरले.

सासूचा हात सुनेने धरणे काय असते, ते तेव्हाच कळले.  पण संक्रांत आजच होती, पुस्तकाचा निवाडा आजच होता, आणि मला खरे ठाऊक होते.

"यात कापूर आहे," मी म्हटले. "डोळे याने कोरडे होतात. मी एका डोळ्याने पारखून पाहिले आहे. पार्वताबाईंनी न सांगता ओळखले."

"निवतात," आत्याबाई म्हणाल्या. "डोये निवतात त्यानं."

"निवत नाहीत. झोंबतात, म्हणून पाणी येते. ते पाणी डोळ्याचे नव्हे, कापराचे. त्या दिवशी दुपारी तुम्ही घातलेत, तेव्हा तुमच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. तुमचेही डोळे आतून कोरडेच आहेत, आत्याबाई. म्हणून म्हणते, तुम्हीही घालू नका."

हे मी कळकळीने म्हटले होते. मला वाटले होते, कोणी तरी म्हणेल की पोर बरोबर बोलते आहे. पण कोणीच बोलले नाही. शेवटी मैनाबाईंनी हातातली डबी परातीत परत ठेवली आणि सावकाश म्हणाल्या, "कोणत्या दिशी दुपारी? मी आली होती त्या दिशी?"

मी हो म्हणाले. खोटे कसे सांगणार?

"मंग ते कापराचं होय."

आत्याबाईंचा हात माझ्या हातात होता. तो एकदम जड झाला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, मीच सोडला. त्या आत गेल्या. बायका एकेक करून उठल्या. डब्या परातीत तशाच राहिल्या.

मी जिंकले आहे. उजवा डोळा निर्मळ आहे, सर्वांनी पाहिला. मग सगळ्या अशा गप्प का झाल्या? मी तर डोळ्यांबद्दलच बोलत होते.

पौष शुद्ध चतुर्थी

आत्याबाई जेवल्या नाहीत. जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. विचारले तर म्हणाल्या, "एवढं वाचतं, अन् माणूस वाचता येत नाही तुले." मामंजी सौदा विसरलेले नाहीत. ते स्वतः म्हणाले, की पुस्तक राहू दे. मी पुस्तक उघडले, पण एका पानापलीकडे गेले नाही.

जे म्हटले ते खरे होते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. फक्त कुठे म्हणावे, ते कळायला हवे होते की काय, असे वाटते.

पौष शुद्ध दशमी

दोन्ही डोळ्यांत काजळ घालत नाही. कोणी 'अर्धी' म्हणत नाही. विहिरीवर दोघींनी कापडाचे विचारले, पाणी किती कोमट, आणि दिवसातून कितीदा. मी सांगितले. पाणी उकळून घ्या आणि एकमेकींचे कापड वापरू नका, हे दोनदा सांगितले.

पौष वद्य द्वितीया

आज दुपारी सगळ्या शेतात तूर पाहायला गेल्या. मी घरी होते. आत्याबाई पडवीत आल्या आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या.

"ते तुयं कापड आण," त्या म्हणाल्या.

पाणी कोमट केले. स्वच्छ कापड घेतले, नीट पिळले, त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवले. त्यांच्या पापण्या किती पातळ झाल्या आहेत, ते जवळून दिसले. कडा लाल, आणि पापणीचे केस गळलेले. कापड थंड झाले, बदलले. पुन्हा थंड झाले, पुन्हा बदलले.

कापडाखालून त्या म्हणाल्या, "तवा आलंच नाही. म्या लय वाट पाह्यली."

"काय आलं नाही?"

त्यांनी कापड डोळ्यांवर दाबून धरले. म्हणाल्या, "मी उभी होती, बाया पाहून राह्यल्या होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होती, ये, ये. विहीर खाली गेल्यावानी झालं होतं." मग म्हणाल्या, "गरम आहे अजून. राहू दे."

मी तिथेच बसून राहिले. माझ्या मनात काही जुळत होते आणि ते जुळू नये असे वाटत होते. मी माजघरात त्यांचे मनगट धरून काय बोलले होते, ते शब्द पुन्हा आठवत होते, एकेक.

शेवटी मी म्हटले, "आत्याबाई, मी ते विहीणबाईंसमोर बोलायला नको होतं."

त्यांनी कापड काढले. डोळे कोरडेच होते. "बोलली ते बोलली," म्हणाल्या. "चार वर्सं, बाया आल्या का दर वेळी घालत होती. जळते ते. तुले काय माहीत किती जळते." मग उठता उठता, "उद्या पुन्हा ठेव."

पौष वद्य एकादशी

रोज दुपारी कापड ठेवते. आत्याबाईंनी काजळाच्या सगळ्या डब्या चुलीच्या राखेने घासून उन्हात टाकल्या. मामंजींनी विचारले, काय चालले आहे. म्हणाल्या, "काही नाही. डब्या रिकाम्या केल्या."

मी वाचते तेव्हा त्या जवळ बसून वाती वळतात. आज एका ठिकाणी थांबले तर म्हणाल्या, "मंग? कोल्ह्याचं काय झालं?"

माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी

काल संध्याकाळी आत्याबाई मामंजींना म्हणाल्या, "सकायी गाडी जुंपा. अमरावतीले जातो. मैनाबाईकडे हळदीकुंकू हाये." मामंजी म्हणाले, बोलावणे आले काय. त्या म्हणाल्या, "नातू तं माया हाय ना. बोलावणं कशाले पाह्यजे." मला म्हणाल्या, "तू चाल संगं."

पहाटे निघालो. त्यांनी लुगडे धुतलेले नेसले, कुंकू रेखले, काजळ घातले नाही. मीही नाही. गाडीत मला फार भीती वाटत होती, कारण तिथे जे काही होईल ते माझ्यामुळे, असे मनात येत होते.

मैनाबाईंच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या.  संक्रांतीची गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मैनाबाईंनी पाट दिला, पाणी दिले, सगळे रीतीप्रमाणे. मग आतून मुलाला हाक मारली.

चार वर्षांचा आहे. सावळा, मोठ्या कपाळाचा. हातात उसाचे कांडे होते. आत्याबाईंसमोर येऊन उभा राहिला आणि चोखत राहिला. बायका मुलाकडे पाहत नव्हत्या, आत्याबाईंच्या डोळ्यांकडे पाहत होत्या. मीसुद्धा पाहत होते. हे लिहिलेच पाहिजे.

डोळे कोरडे होते.

आत्याबाईंनी मान वर केली आणि एकेकीकडे पाहिले, शेवटी मैनाबाईंकडे. "पायता काय?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "कोरडेच हायेत. तवाही कोरडेच होते. काजय नाही, कापूर नाही, पाहून घ्या. मी तिची माय हावो. रडली तरी माय, नाही रडली तरी माय."

 मुलाने उसाचे कांडे तोंडातून काढले, पाहिले आणि आत्याबाईंपुढे धरले. त्यांनी ते घेतले, दुसऱ्या टोकाकडून दाताने सोलले आणि त्याला परत दिले. मग मैनाबाईच उठल्या आणि त्यांनी आत्याबाईंना हळदीकुंकू लावले.  काजळाची डबी ताटात होती, ती त्यांनी पुढे केली नाही.

निघताना मैनाबाई म्हणाल्या, "होयीले पाठवतो पोराले. चार दिस ठेवून घ्या."

परतताना वाटेत धूळ फार होती, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आत्याबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने पाहिले तर त्यांच्या गालावरून पाणी वाहत होते, हनुवटीवरून लुगड्यावर. त्या पुसतही नव्हत्या. मी सोबत घेतलेले ओले कापड पुढे केले.

"नको," त्या म्हणाल्या. "येऊन राह्यलं, येऊ दे."

मी कापड घडी करून ठेवले. गाडीवान पुढे पाहत होता. 

गाव दिसू लागले तेव्हा त्यांनी नाक ओढले आणि म्हणाल्या, "पुस्तक आणलं काय?"

आणले होते.

"वाच मंग."

हलत्या गाडीत, धुळीत, उतरत्या उन्हात वाचू नये, हा डोळ्यांसाठी माझाच नियम आहे. तो मी विहिरीवर सगळ्यांना सांगितला आहे. आज मोडला.